एकसारखी भिंत

१

मिस्त्रीची सकाळ बोटांनी सुरू व्हायची. कपाट उघडायचं, हाताला लागेल तो शर्ट ओढायचा आणि कॉलरच्या आत, मानेमागे येतो त्या जागी, अंगठा फिरवायचा. तिथे बायकोने घातलेला टाका असे. गोल गाठ म्हणजे लाल, फुली म्हणजे हिरवा, आडवी रेघ म्हणजे तपकिरी. निळ्याला आणि पिवळ्याला टाका नव्हता, कारण ते दोघे त्याला दिसत. बाकीच्या तिघांनी मात्र त्याच्या जन्मापासून संगनमत करून एकच सोंग घेतलं होतं. वाळलेल्या मातीचं. कधी जरा गडद, कधी जरा फिकट, इतकाच काय तो फरक.

लोकांना वाटतं, रंग नीट न दिसणं म्हणजे काय मोठंसं? चित्रकार थोडाच व्हायचंय! अशा लोकांनी एकदा मिस्त्रीबरोबर बाजारात जावं. टोमॅटो पिकलाय की नाही हे तो दाबून बघे, आणि भाजीवाली असं ओरडे की जणू त्याने तिचा गळाच दाबलाय. फोन चार्ज झाला की दिव्याचा रंग बदलतो म्हणे; त्याच्या दिव्याने आयुष्यात कधी रंग बदलला नाही. सिग्नलचा वरचा दिवा थांबा, खालचा चला, हे त्याने पाठ केलं होतं, आणि कुठे आडवा सिग्नल भेटला की तो निमूटपणे पुढच्या गाडीच्या मागे लागे.

कामावर यातलं कुणाला ठाऊक नव्हतं. कळायचं कारणही नव्हतं. मिस्त्रीचं काम गिलाव्याचं आणि पुट्टीचं, म्हणजे भिंत रंगाऱ्याच्या ताब्यात जाण्याआधीचं. त्यात सगळा कारभार पांढऱ्याचा. भिंत तयार झाली की तो खोलीत अंधार करी, पेटलेला बल्ब भिंतीला जवळजवळ टेकवून धरी आणि तिरप्या उजेडात भिंत वाचत जाई. तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा असला तरी त्याची सावली लांबलचक पडते. त्याच्या भिंतीवर सावली पडत नसे. या एका गोष्टीचा त्याला माज होता, आणि तो तो लपवतही नसे.

बायको घरीच शिवणकाम करी. उसवलेलं शिवणं, सैल कपडे आत घेणं, आखूड करणं. मशीनच्या वर भिंतीला एक लांब फळी, तिच्यावर दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे उतरत्या क्रमाने लावलेली. त्याला ती नुसती रिळांची रांग दिसे. पण संध्याकाळी चहा झाला की ती एखादं रीळ उचले आणि त्याच्या तळहातावर ठेवून सांगे, "हा गरम भांड्याला चुकून हात लागल्यासारखा." किंवा, "हा ओल्या गवतात अनवाणी उभं राहिल्यासारखा." तो डोळे मिटून ऐके. जगात रंग बघणारे सतराशे साठ होते. पण रंग सांगितले जात होते ते एकट्या त्याला, आणि सांगणारी त्याची होती. ही चैन दुसऱ्या कुणाच्या वाट्याला जाऊ नये, असं त्याला अगदी मनापासून वाटे.

२

निजायच्या खोलीची भिंत ओलीने फुगली तेव्हा त्याने जुना गिलावा पार काढला आणि नवा केला. पुट्टी ओढली, घासली, बल्ब लावून वाचली. बायकोने दारात उभं राहून सांगितलं, "आता हिला रंग द्यायचा."

"पांढरी काय वाईट आहे?"

"लग्न झाल्यापासून पांढऱ्याच भिंती बघतेय मी. दवाखान्यात राहिल्यासारखं वाटतं. एक भिंत, अहो. एकच."

एका भिंतीला नाही म्हणणारा नवरा कंजूष ठरतो, म्हणून तो हो म्हणाला.

रंगारी त्याच्याच ओळखीचा, कामावरचा. उंच, हसरा, बोलण्यात साखर. तो रंगाच्या नमुन्यांच्या पट्ट्या घेऊन आला आणि बायकोसमोर पसरून बसला. मग त्या दोघांचं जे सुरू झालं, ते मिस्त्री पाण्याचा ग्लास हातात धरून नुसता बघत राहिला. "हा जरा जास्त बोलतो, वहिनी." "हो ना, आणि हा अगदीच गप्प." "याच्यात चिमूटभर तो टाकला तर?" "अय्या, थांबा, हा! हाच!" बायकोने टाळी वाजवली. इतक्या वर्षांत तिला टाळी वाजवताना त्याने पाहिलं नव्हतं. 

"कुठला ठरला?" त्याने विचारलं.

ती वळली. तोंड उघडलं, थांबली, रंगाऱ्याकडे पाहिलं आणि दोघंही हसली.

"हा सांगता येत नाही हो," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही येत. बघावाच लागतो."

दुसऱ्या दिवशी, भिंतीला दुसरा हात देता देता, रंगारी हळूच म्हणाला, "मिस्त्री, वाईट वाटून घेऊ नका. वहिनींनी सांगितलं मला, तुमच्या डोळ्यांचं. त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

टाक्यांची गोष्ट घरातली होती. ती तिने या दात काढणाऱ्या माणसाला सांगितली, आणि बदल्यात त्याने तिला असा रंग दिला, जो ती नवऱ्याला सांगू शकत नव्हती. मिस्त्री दिवसभर जळत राहिला, आणि त्या दिवशी त्याच्या हातून दुसऱ्याच्या घरची एक भिंत चक्क वाकडी गेली.

३

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो पलंगावर आडवा पडला होता. बायको बाहेर मशीनवर. खिडकीतून मऊ उजेड येत होता. त्याची नजर भिंतीवर गेली आणि कपाटाशेजारी थांबली.

तिथे कुणीतरी भिंतीला टेकून उभं राहावं, असा एक डाग होता. माणसाच्या उंचीचा. डोकं, मान, खांदे, लोंबते हात. बाकीच्या भिंतीहून किंचित फिका, इतका किंचित की नजर रोखली तर निसटे आणि सैल सोडली तर परत येऊन उभा राही. एक खांदा खाली पडलेला.

मिस्त्रीने पहिला विचार केला तो कारागिराचा. ओल्या रंगाला कुणीतरी पाठ लावली. दुसरा विचार नवऱ्याचा होता: कुणी?

तो उठला. भिंतीवरून तळवा फिरवला. गुळगुळीत. खिडकी झाकली, बल्ब आणला, तिरपा धरला. कुठेच सावली नाही. भिंत अशी सपाट की स्वतःच्या हाताला शाबासकी द्यावी. बल्ब बाजूला केला, खिडकी उघडली. तो उभाच.

"अगं, जरा इकडे ये."

ती तोंडात सुई धरूनच आली. "काय झालं?"

"या भिंतीवर काही दिसतं का तुला? इथे, कपाटापाशी."

तिने मान वाकडी करून पाहिलं. जवळ जाऊन पाहिलं. तोंडातली सुई काढून पदरा-बिदराला न टोचता हातात धरली, म्हणजे तिने खरंच नीट पाहिलं.

"नाही हो. एकसारखी आहे."

"नीट बघ."

"बघितलं ना! एकसारखी आहे. उलट किती छान बसलाय रंग." तिने प्रेमाने भिंतीवर हात ठेवला. कुठे ठेवला, ते मिस्त्रीने पाहिलं. बरोबर छातीच्या जागी.

मेहुणी आली तेव्हा तिलाही त्याने सहज म्हणून विचारलं. ती म्हणाली, "भावजी, एकसारखी आहे. डोळे तपासा." आणि जीभ चावली.

४

डोळे तपासणाऱ्या डॉक्टरकडे तो खरंच गेला. डॉक्टरांनी ठिपक्यांची ती नेहमीची चित्रं दाखवली, ज्यांत इतरांना आकडा दिसतो आणि मिस्त्रीला कोंबड्यांना टाकलेले दाणे. नवीन काही नव्हतं. "कधी कधी उलटंही असतं," डॉक्टर सहज म्हणाले. "आम्हाला दोन रंग एकच वाटतात, आणि तुमच्यासारख्याला त्यांत फरक दिसतो. फार मनावर घेऊ नका."

मिस्त्रीने ते फारच मनावर घेतलं. म्हणजे कुणीतरी त्या भिंतीवर दोन रंग दिले होते. एक भिंतीचा, आणि एक त्या उभ्या माणसाचा. रंगाऱ्याने स्वतःलाच तिथे काढून ठेवलं असेल, रोज रात्री आपण निजतो त्या खोलीत, आणि बायकोला ते दिसत असेल, आणि ती बघून हसत असेल. हा विचार खुळचट आहे हे त्याला कळत होतं. पण मत्सर झालेल्या माणसाला कळतं सगळं, उपयोग शून्य.

मग शंका आणखी खोल गेली. भिंतीबद्दल ती खोटं बोलत असेल, तर टाक्यांबद्दल कशावरून नाही? तिने हिरव्या शर्टाला लालची गाठ घालून तो आपल्या अंगावर चढवला असेल, आणि गाव हसलं असेल. त्याने चार शर्ट पिशवीत घालून इस्त्रीवाल्याकडे नेले आणि उगाच विचारलं, "यातला लाल कुठला रे?" इस्त्रीवाल्याने वेड्याकडे बघावं तसं बघून एक शर्ट काढून दिला. गोल गाठ. मग हिरवा. फुली. टाके सगळे खरे होते. त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्या दिवशी त्याने बायकोला आवडतात म्हणून पेरू नेले. कच्चे निघाले.

शेवटी त्याने रंगाऱ्यालाच घरी बोलावलं. म्हटलं, भिंतीला डाग आहे. रंगाऱ्याने जवळून पाहिलं, लांबून पाहिलं.

"एकसारखी आहे हो, मिस्त्री."

"तू तिथे उभा राहा जरा. कपाटाला लागून."

रंगारी बिचारा उभा राहिला. मिस्त्रीने बारीक डोळे करून पाहिलं. जुळत नव्हतं. रंगारी डागाहून वीतभर उंच, खांदे ताठ, समान.

"तो तू नाहीस," मिस्त्री म्हणाला. "त्याचा डावा खांदा पडलेला आहे."

रंगारी मोकळेपणाने हसला. "डावा खांदा पडलेला तर तुमचा आहे. गिलाव्याचा माल फळीवर धरून धरून."

मिस्त्री हसला नाही. त्याने आत्ताच आणखी एक गोष्ट पाहिली होती. रंगारी कपाटाला लागून उभा होता, आणि डाग त्याच्या मागे नव्हता. शेजारी होता. पलंगाकडच्या बाजूला.

५

त्याने पेन्सिलीने पडलेल्या खांद्याच्या जागी एक बारीक खूण केली. भिंतीवर खूण करणं हा कारागिराचा स्वभावच. दोन-तीन दिवसांनी खांदा खुणेच्या पुढे गेला. मग त्याने पुन्हा खूण केली. खुणा एकामागून एक पलंगाच्या त्या बाजूला निघाल्या, जिथे बायको निजायची.

तिला ती खोली आता फार आवडू लागली होती. दुपारचं हातशिवणीचं काम ती तिथेच घेऊन बसे, पलंगावर, पाठ भिंतीला टेकून. "इथे बरं वाटतं," ती म्हणाली. "एकटं वाटत नाही."

"आणि बाहेर वाटतं?"

"तुम्ही दिवसभर कामावर असता. वाटतं कधीकधी." मग दोरा तोडत म्हणाली, "राग मानू नका, पण एखादा रंग बघून 'अहाहा' म्हणावं आणि दुसऱ्यानेही 'अहाहा' म्हणावं, असं वाटतं माणसाला."

तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं. त्याने राग मानला नाही. त्याला त्याहून वाईट काहीतरी झालं.

एक दिवस माल संपला म्हणून तो लवकर परतला. दार लोटलेलंच होतं. आत येताच त्याला बायकोचा आवाज ऐकू आला, निजायच्या खोलीतून. हळू, लाडिक, ठाऊक असलेला आवाज.

"हा बघ, हा गरम भांड्याला हात लागल्यासारखा. आणि हा... हा ओल्या गवतासारखा."

मिस्त्री बूट न काढता दारापाशी गेला. ती पलंगावर बसली होती, मांडीवर रिळं. पाठ भिंतीला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिच्या खांद्यामागे मात्र भिंतीचा फिका भाग असा वाकला होता, जसा कुणी ऐकण्यासाठी कान जवळ आणावा.

"कुणाशी बोलतेस?"

ती दचकली. "अगंबाई, तुम्ही! कुणाशी म्हणजे? स्वतःशीच. सवय लावून ठेवलीय ना तुम्ही मला."

खरं असेल. सवयच असेल. पण त्याला रडू फुटायला आलं, आणि त्याचं कारण भीती नव्हती. भिंतीवरच्याला भ्यायला त्याला सवडच मिळाली नव्हती. त्याच्या डोक्यात एकच होतं: ते माझे शब्द होते. गरम भांडं माझं. ओलं गवत माझं. आणि ज्याला रंग सांगावे लागतात, त्यालाही ते दिसत नसणार. माझ्यासारखंच.

६

बायको बहिणीकडे गेली त्या दिवशी त्याने भिंत काढली.

आधी पट्टीने खरवडली, मग सँडपेपरने घासली, मग पुन्हा खरवडली. शहाणा कारागीर भिंत ओली करून खरवडतो, म्हणजे धूळ उडत नाही. मिस्त्रीला इतकाही धीर नव्हता. त्याने कोरडीच घासली. तो सांगता न येणारा रंग पिठासारखा उडाला, पलंगावर बसला, आरशावर बसला, त्याच्या नाकातोंडात गेला. शर्ट त्याने इतका भरवला की शर्टाचा मूळ रंग कुठला, हे दोन डोळे धड असणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. तो काढून त्याने दाराच्या मागच्या खिळ्याला अडकवला आणि उघड्या अंगाने पुट्टी ओढली. पांढरी. संध्याकाळी बल्ब लावून वाचली. सावली नाही, डाग नाही, कुणी नाही.

बायको आली, दारात उभी राहून तिने पांढरी भिंत पाहिली. मग स्वयंपाकघरात गेली. तिच्या भांड्यांचा आवाज त्या दिवशी फार हळू येत होता. त्याला ओशाळल्यासारखं झालं, पण आतून गारही वाटलं. जिंकल्यावर माणूस जरा निर्लज्ज होतो.

सकाळी त्याने खिळ्यावरचा शर्ट धुवायला टाकावा म्हणून पाहिलं, तर खिळा मोकळा.

"माझा कामाचा शर्ट कुठे गेला गं?"

"मला काय विचारता? तुम्हीच घालून गेलात ना पहाटे."

"पहाटे? मी तर आत्ता उठतोय."

"मग मी स्वप्नात पाहिलं असेल," ती म्हणाली आणि चहा गाळायला लागली.

एक शर्ट गेला म्हणून कुणी आकाशपाताळ एक करत नाही. दिवस गेले. बायकोचा रुसवा गेला. गेला म्हणजे इतका की ती गुणगुणायला लागली. चहा झाला की ती रीळ उचलेना, पण तो वाट बघायचा आणि कामाच्या शिणाने तिथेच पेंगायचा. विचारायचं राहून जायचं.

मग एका सकाळी त्याने कपाट उघडलं, शर्ट ओढला, अंगठा फिरवला. टाका नव्हता. दुसरा शर्ट. नव्हता. तिसरा, चौथा. बारीक भोकं बोटाला लागत होती, जिथून दोरा ओढून काढला होता.

"अगं!" त्याचा आवाज चिरकला. "टाके कुठे गेले?"

ती हसत आली. चेहऱ्यावर असं तेज, की त्याला तिच्याकडे बघवेना.

"काढले. आता कशाला लागतात?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय म्हणून मलाच विचारता? तुम्हीच तर म्हणालात, काढून टाक म्हणून." तिने त्याचा हात धरला. तिचे डोळे भरून आले. "मी तुमच्यावर रागावले होते, भिंत खरवडली म्हणून. पण परवा दुपारी तुम्ही आलात, फळीपाशी उभे राहिलात आणि एकेका रिळाचं सांगत गेलात... अहो, मला काय वाटलं सांगू? लग्न झाल्यासारखं वाटलं. आत्ता कुठे झालं असं."

"परवा दुपारी मी कामावर होतो."

"पुरे हो थट्टा!" तिने फळीवरून एक रीळ उचललं, त्याच्या डोळ्यांपुढे नाचवलं. "सांगा. हा कुठला?"

वाळलेल्या मातीसारखा. जरा गडद.

"लाल," तो म्हणाला.

तिचा चेहरा पडला. क्षणभरच. मग ती समजूतदारपणे हसली, लहान मुलाच्या खोडीला हसतात तसं.

"सकाळी तुम्ही असंच करता," ती म्हणाली. "दुपारी बरे असता."

७

त्या दिवशी त्याचं कामात लक्ष लागणं शक्यच नव्हतं. छत घासायचं होतं. वरून पुट्टीची धूळ पडत होती, केसांत, भुवयांवर, खांद्यावर, आणि त्याला ती झटकायचंही सुचत नव्हतं. तिला सांगायचं कसं, याचाच तो विचार करत होता. दुपारी येतो तो मी नाही, असं सांगायचं. मग ती विचारणार, मग कोण? आणि त्याहून वाईट म्हणजे, ती विचारणारच नाही. ती मनातल्या मनात दोघांना शेजारी उभं करील, रंग दिसणाऱ्याला आणि न दिसणाऱ्याला, आणि निवडायला तिला वेळ लागणार नाही.

जेवणाची सुट्टी झाली तसा तो हातपाय न धुता निघाला. जिना चढला. दार लोटलेलं होतं.

घरात तिचं हसणं ऐकू येत होतं. आणि दुसरा आवाज. तो आवाज आधी त्याला ओळखू आला नाही, कारण स्वतःचा आवाज बाहेरून कुणी ऐकतो कधी? तो त्याचाच होता. जरासा घोगरा, शब्दाच्या शेवटाला ओढणारा.

"...हा नाही, याच्या खालचा. यात पिवळ्याचा हात आहे. दिसतो का?"

"दिसतो," ती म्हणाली. "अहाहा!"

"अहाहा," तो म्हणाला.

मिस्त्री बोळकांडीत भिंतीला टेकून उभा राहिला. ही भिंतही त्यानेच केलेली, पांढरी, सपाट. निजायच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. फटीतून पलंगाची कड दिसत होती, आणि पलंगाच्या कडेला बसलेल्या कुणाची तरी पाठ. पाठीवर त्याचा हरवलेला शर्ट. डावा खांदा खाली पडलेला. मानेचा मागचा भाग मात्र उजेडात नीट दिसत नव्हता. नजर रोखली की निसटत होता.

हाक मारायला त्याने तोंड उघडलं. घशात धूळ होती. त्याने पाऊल पुढे टाकायचा प्रयत्न केला आणि फरशीवर बूट घासला.

हसणं थांबलं.

"कोण आहे?" बायकोने विचारलं. ती उठून दाराशी आली, दार पूर्ण उघडलं आणि बोळकांडीत पाहिलं. ती त्याच्यासमोर हाताच्या अंतरावर उभी होती. तिची नजर त्याच्या केसांवरून, भुवयांवरून, खांद्यांवरून फिरत गेली, नीट, निरखून. एखादं रीळ फळीवर कुठे बसेल हे बघावं, तशी. त्याने श्वास रोखला. तिने ओळखावं म्हणून तो जिवाच्या आकांताने तिच्याकडे बघत राहिला.

"काही दिसतंय का?" आतून त्याच्या आवाजाने विचारलं.

तिने मान वाकडी करून आणखी एकदा पाहिलं.

"नाही हो," ती म्हणाली. "एकसारखी आहे."

आणि तिने दार लावून घेतलं.